कण्याची दुखापत, भाजणं आणि बेडसोअर (सततच्या दाबाने होणारी जखम): 'कोणतं क्रीम लावू?' या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

नमस्कार.

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच लक्षात येईल. तुमच्या भावाला कण्याची दुखापत होऊन ९ महिने झाले. पातळी डी-८, म्हणजे छातीच्या भागातली आठवी (काही अहवालांत हीच टी-८ लिहितात), इजा पूर्ण स्वरूपाची. बेंबीच्या थोडं वरपासून खाली त्याला स्पर्श, गरम-गार, दुखणं काहीच कळत नाही. महिन्यापूर्वी लॅपटॉप मांडीवर ठेवून काम केलं आणि मांडीवर मोठा फोड आला, तो आता भरत आलाय. गेल्या आठवड्यापासून डाव्या कुल्ल्यावर, बसायच्या हाडाच्या जागी, लाल डाग दिसतोय. सकाळी तो फिका असतो, संध्याकाळी गडद. एअर कुशन आहे, तासातासाने तो हातांवर जोर देऊन अंग उचलतो, तरी डाग आलाच. आता या दोन्हीसाठी कोणतं क्रीम लावायचं, असं तुम्ही विचारलंय.

डागाचं आधी बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

भावाला उजव्या कुशीवर झोपवा. चांगल्या उजेडात डागावर बोट टेकवून तीनेक सेकंद दाबा आणि सोडा. जागा क्षणभर पांढरट होऊन पुन्हा लाल झाली, तर तिथलं रक्त अजून फिरतंय. मग भार काढल्यावर अर्ध्या तासात लाली पूर्ण जायला हवी. दाबूनही रंग हलत नसेल, किंवा अर्ध्या तासानंतरही डाग उरत असेल, तर कातडी अखंड असली तरी तो बेडसोअरचा पहिला टप्पा आहे. कातडी सावळी असेल तर केवळ लालीवर विसंबू नका. सावळ्या कातडीवर ती जागा आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट किंवा चकचकीत दिसते, कधी काहीच वेगळं दिसत नाही. तेव्हा हाताची मागची बाजू लावून पाहा. भोवतालपेक्षा गरम, कडक, सुजलेली किंवा लिबलिबीत लागणारी जागा ही तितकीच धोक्याची खूण आहे.

रात्रभर झोपूनही तुमच्याकडे सकाळी थोडा डाग उरतोच, त्यामुळे हा पहिला टप्पा आहे असंच धरून चालावं. आत्ताच्या घडीला उपाय एकच: डाग पूर्ण जाईपर्यंत त्या हाडावर बसणं बंद. 'थोडं कमी बसतो' याने भागत नाही. आणि पलंगावर पाठीला उशा लावून अर्धवट बसणं हेही बसणंच असतं. घरोघरी नेमकी इथेच चूक होते. खुर्ची बंद केली म्हणून विश्रांती मिळाली असं वाटतं, पण अर्धवट बसल्यावर भार त्याच हाडांवर आणि माकडहाडावर येतो, वर अंग हळूहळू खाली घसरतं. झोपायचं ते सपाट, उजव्या कुशीवर, किंवा पालथं. पालथं झोपायला मात्र पाठीच्या डॉक्टरांची परवानगी हवी आणि श्वासाला त्रास व्हायला नको. जमलं तर पालथं झोपणं फार उपयोगी, कारण मागचा सगळा भाग एकाच वेळी मोकळा होतो.

डाग चोळू नका, त्यावर मालिश करू नका. आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्याने त्या फाटतात. कातडी उघडली, फोड आला, पाणी किंवा पू दिसला, वास आला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डाग जांभळा किंवा काळसर झाला तरीही तसंच. जांभळा डाग लाल डागापेक्षा कितीतरी वाईट. खालचा स्नायू आधीच गेलेला असू शकतो आणि वरची कातडी काही दिवसांनी फाटते. तेव्हा घरच्यांना वाटतं जखम एका रात्रीत झाली.

आता मूळ मुद्दा. लॅपटॉपचा फोड आणि कुल्ल्यावरचा डाग या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण खुर्चीत बसल्या बसल्या दर काही मिनिटांनी नकळत बूड हलवतो, झोपेतही कूस बदलतो. कातडी निरोप पाठवते, मेंदूचं लक्ष नसतानाही शरीर हलतं. मज्जारज्जूला इजा झाली की तो निरोप वाटेतच अडतो. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. गरम वस्तू टेकली की एरवी तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येऊन उष्णता वाहून नेतं, घाम येतो. इजेच्या पातळीखाली ही व्यवस्थाही मंदावते. म्हणजे जी वस्तू तुमच्या मांडीला नुसती उबदार लागेल, ती त्याच्या मांडीवर तासभर राहिली तर भाजू शकते. 'मी हात लावून पाहिलं, एवढं काही गरम नव्हतं' हे म्हणूनच पुरेसं नाही.

मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे आजही भाजण्याच्या बाबतीत आधार मानले जातात. ६० अंश सेल्सियसला कातडी पूर्ण भाजायला सुमारे ५ सेकंद पुरतात. ४९ अंशाला साधारण १० मिनिटं लागतात. ४४ अंशाला साधारण ६ तास. ४४ ते ५१ या पट्ट्यात एकेक अंश वाढला की लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होत जातो. आता लॅपटॉपचा तळ पाहा. काम चालू असताना तो पंचेचाळिशीच्या आसपास सहज जातो, मांडीवर ठेवल्यामुळे हवेचे झरोके बंद होतात, वरून त्याचं वजन. उकळतं पाणी कोणीच मांडीवर ठेवत नाही, ते पाहून सगळे जपतात. धोका असतो तो कोमट वस्तूंचा आणि लांबलेल्या वेळाचा.

दाबाचंही गणित असंच आहे. थोडा दाब फार वेळ, किंवा फार दाब थोडा वेळ, दोन्हींनी पेशी मरतात. हाड आणि कुशन यांच्यामध्ये स्नायू चेंगरला जातो आणि इजा बहुतेक वेळा हाडालगत सुरू होते. कातडीवर दिसतं ते टोक असतं, खाली पोकळी रुंद होत गेलेली असते. म्हणून वरून लावलेलं कुठलंच क्रीम हाडाखालचा दाब किंवा लॅपटॉपची उष्णता कमी करू शकत नाही. कोरड्या कातडीला साधं मॉइश्चरायझर, लघवी-शौचाचा ओलावा लागत असेल तर ओल अडवणारं बॅरियर क्रीम, एवढंच क्रीमचं काम. बंद पडलेल्या निरोपाची जागा घड्याळ, डोळे आणि मोजमाप यांनी घ्यायची आहे.

मग तुमच्या भावाला डाग का आला? डाग कुठे आहे आणि केव्हा गडद होतो यावरून कारण बरंच कळतं. बसायच्या हाडावरचा, संध्याकाळी वाढणारा डाग म्हणजे दोष दिवसाच्या बसण्यात आहे: खुर्ची, कुशन, कमोड किंवा ट्रान्सफर (खुर्चीवरून पलंगावर वगैरे जाणं). माकडहाडावर असता तर पलंगावरचं अर्धवट बसणं किंवा खुर्चीत पुढे घसरून बसणं पाहिलं असतं. खुब्यावर असता तर पूर्ण कुशीवर, ९० अंशात झोपणं. टाचेवर असता तर गादी, बूट किंवा फुटरेस्ट. आणि तुमच्या बाबतीत डाग एकाच बाजूला, डावीकडे आहे. याचा अर्थ बहुधा ओटीपोटाचं हाड डावीकडे कललंय आणि भार एकाच हाडावर पडतोय. त्याला समोरून, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत पाहा. कमरेची दोन्ही पुढची टोकं बोटांनी चाचपून एका पातळीत आहेत का ते बघा. एक खांदा खाली झुकलाय का? खुर्चीचं कापड मधे लोंबकळलंय का? आठ-दहा महिने रोज वापरलेल्या घडीच्या खुर्चीचं सीट बऱ्याचदा झोळीसारखं होतं आणि वरचं चांगलं कुशनही त्याबरोबर वाकडं होतं. कुशनखाली सपाट फळी बसवून हे सुटू शकतं, पण फळीने बसण्याची उंची वाढते, मग फुटरेस्ट पुन्हा बसवावे लागतात.

फुटरेस्टचं म्हणून सांगते. ते फार वर असले की गुडघे वर येतात, मांड्या कुशनवरून उचलल्या जातात आणि सगळं वजन दोन हाडांवर येतं. हात मांडीखाली सरकवून पाहा: मांडी जवळजवळ गुडघ्यापर्यंत कुशनला टेकलेली हवी, आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला कुशनच्या कडेपासून दोन-तीन बोटं जागा. फुटरेस्ट फार खाली असले तर तो पुढे घसरत राहील.

आता तुमच्या एअर कुशनची तपासणी. घरी सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, म्हणून नीट करून बघा. कुशन खुर्चीवर बरोबर दिशेने आहे ना, रबरी बाजू वर आणि कव्हरचा ताणणारा भाग वर आहे ना, हे आधी पाहा. थोडी जास्त हवा भरा. भावाला नेहमीसारखं बसू द्या, पाय फुटरेस्टवर, पाठ टेकलेली. हातातली अंगठी काढा आणि तळवा वर करून हात कुशन आणि कुल्ला यांच्यामध्ये बाजूने सरकवा. बोटांना एक टणक, वाटोळं टोक लागेल, तेच बसायचं हाड. त्याची मांडी किंचित उचलली की ते पटकन सापडतं, मग मांडी पुन्हा खाली. हात तिथेच ठेवून झडप सोडा आणि हवा हळूहळू जाऊ द्या. हाड खाली उतरत येतं. बोटांची टोकं जेमतेम हलवता येतील इतपत आलं की झडप बंद. हाड आणि कुशनचा तळ यांच्यात साधारण १.३ ते २.५ सेंटिमीटर अंतर राहायला हवं. मग दुसऱ्या बाजूचं हाड तपासा. डावं हाड तळाला टेकत असेल आणि उजवीकडे तीन बोटं जागा असेल, तर डागाचं कारण तिथेच सापडलं.

लोक हवा कमी असण्याला घाबरतात आणि कुशन टम्म भरतात. फुगलेल्या कुशनवर माणूस चेंडूवर बसल्यासारखा बसतो, हाडं आत बुडत नाहीत, दाब टोकावर येतो आणि तोल जातो तो वेगळाच. हवा कमी असली तर हाड तळाला टेकतं. दोन्ही वाईट. ही तपासणी रोज एकदा, शिवाय विमानप्रवासात किंवा घाट चढता-उतरताना, कारण उंची बदलली की आतली हवा फुगते-आकसते. प्रत्येक उत्पादकाची पद्धत थोडी वेगळी असते, कुशनबरोबरचा कागद पाहून घ्या. जेल कुशन असेल तर हाडाखालचं जेल बाजूला सरकतं, ते रोज हाताने मळून पुन्हा मधे आणायचं. फोम दाबून दाबून मरतो, बोटाने दाबून सोडल्यावर वर येत नसेल तर त्याचं आयुष्य संपलं. मधे भोक असलेली गोल रिंग मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. कडेच्या वर्तुळावर दाब येऊन मधल्या कातडीचं रक्त अडतं.

कुशनवर जाड टॉवेल, प्लास्टिक, घडी घातलेली चादर काही घालू नका. तुम्ही प्रेमाने मऊपणासाठी घालता, पण ताणून बसलेलं कापड झोळीसारखं काम करतं आणि हाड कुशनमध्ये उतरूच शकत नाही.

हातांवर जोर देऊन उचलणं. हा व्यायाम म्हणून ठीक आहे, दाब काढायला अपुरा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुर्चीत बसणाऱ्या रुग्णांच्या कातडीतला प्राणवायू मोजला होता. दाब काढल्यावर तो पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागले. हातांवर अंग तोलून कोणी दोन मिनिटं राहू शकत नाही. बहुतेक जण दहा-पंधरा सेकंदांत खाली येतात, आणि वर्षानुवर्षं हे करून खांदे झिजतात. खुर्चीवरच्या माणसाला खांदे हेच पाय, ते जपायला हवेत.

त्याऐवजी पुढे वाकणं. खुर्ची थोडी मागे घेऊन पुढची लहान चाकं पुढच्या दिशेला वळवून घ्या, त्याने खुर्ची पुढे कलंडण्याचा धोका कमी होतो. मग ब्रेक लावा. पाय फुटरेस्टवर सपाट. मग छाती मांड्यांकडे नेऊन कोपरं गुडघ्यांवर, किंवा समोरच्या टेबलावर हात आणि डोकं टेकून दोन मिनिटं. डी-८ ला धडाचा तोल अर्धाच असतो, म्हणून सुरुवातीला समोर कोणीतरी उभं राहा. खरंच भार उचलला जातो का, हे वाकलेला असताना कुल्ल्याखाली हात घालून पाहा. टोक कुशनपासून सुटलेलं जाणवलं पाहिजे. दुसरी पद्धत बाजूला झुकायची: एक हात खुर्चीच्या मागच्या मुठीत अडकवून विरुद्ध कुल्ला उचलेपर्यंत झुकायचं, दोन मिनिटं, मग दुसरी बाजू. हे दर १५ ते ३० मिनिटांनी. तास फार होतो. मोबाइलवर कंपनाचा गजर लावा. कामात गुंतलेला माणूस आठवणीवर हे करूच शकत नाही, त्यात त्याचा दोष नाही. मानेच्या इजेमुळे ज्यांना वाकता येत नाही त्यांना पूर्ण खुर्ची मागे कलणारी लागते, आणि ती भरपूर, साधारण ४५ अंश किंवा जास्त कलवावी लागते. नुसती पाठ मागे पाडली तर अंग घसरून कातडी ओढली जाते.

ओढलं जाणं हा दाबाइतकाच मोठा शत्रू. खुर्चीवरून पलंगावर जाताना बूड घासत नेलं, चाकाला अंग लागलं, उघडी कातडी सरकफळीला (खुर्चीवरून पलंगावर सरकायला मधे टाकायची फळी) चिकटली, की वरची कातडी एका जागी आणि आतलं हाड दुसरीकडे जातं. फळीवर कापड हवंच. कमोडची खुर्चीही बघा. शौचाला अर्धा-पाऊण तास लागणं या इजेत नेहमीचं, आणि तेवढा वेळ कडक प्लास्टिकच्या कड्यावर बसलं तर दिवसभराच्या चांगल्या कुशनचं केलेलं वाया. कमोडला गादी असलेलं सीट हवं, आणि तिथेही मधेमधे झुकणं. तुमच्या वर्णनात कमोडचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम विचारते.

छोट्या गोष्टी भराभर सांगते: पँटला मागचे खिसे, धातूची बटणं, जाड शिवण नको. खिशात किल्ली, पाकीट, मोबाइल नको. कॅथेटरची नळी मांडीखाली दबलेली नको. युरीन बॅगचा पट्टा करकचून बांधलेला नको. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, आणि घालण्याआधी आत हात घालून पाहायचं. नवे बूट पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटंच. मोज्याची सुरकुतीसुद्धा फोड आणते.

रात्रीचं. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याच्या इजेचं केंद्र सुरू केलं आणि दर २ तासांनी कूस बदलणं रात्रंदिवस सक्तीचं केलं. त्याआधी असे बहुतेक रुग्ण बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने जायचे. २ तास हा आरंभाचा आकडा. पुढे गादी चांगली असेल आणि सकाळी कातडी स्वच्छ दिसत असेल तर एकेका वेळी अर्धा तास वाढवत नेता येतं. किती, हे त्याची कातडीच सांगेल. सध्या डाग आहे तोवर २ तासच. कुशीवर झोपवताना पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी घालून ३० अंशच वळवा, म्हणजे भार खुब्याच्या टोकावर येत नाही. गुडघ्यांमध्ये आणि घोट्यांमध्ये उशी. टाचा हवेत राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली लांब घाला. नुसत्या टाचेखाली घातलेली उशी दाब काढत नाही. डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर नको. हवेची गादी असेल तर पंप चालू आहे ना हे झोपण्यापूर्वी बघा, आणि गादीवर एकच सैल चादर.

आता भाजणं. अंघोळीपासून सुरू करते, कारण तिथे फार मोठ्या जखमा होतात. गिझरचं तापमान ४९ अंश किंवा खाली ठेवा. बादलीत किंवा टबात आधी गार पाणी, मग गरम. बंद करताना आधी गरम. अंघोळीचं पाणी ३७-३८ अंश पुरे. तुमच्या भावाच्या हाताला संवेदना आहे, तेव्हा त्याने स्वतः कोपर बुडवून पाहावं. मानेची इजा असेल तर हातावरही भरवसा नको, थर्मामीटर लागतो. हँडशॉवर वापरताना पाण्याची धार सुरुवातीपासून हातावर ठेवावी आणि मधेमधे तपासत राहावं, कारण घरात दुसऱ्या कोणी नळ सोडला की धार एकदम गरम होऊ शकते. पाय नळाखाली कधीच ठेवू नये. बसलेल्या माणसाचे पाय सगळ्यात पुढे, आणि भाजतातही तेच आधी. हात धुवायच्या बेसिनखालचा गरम पाण्याचा उघडा पाइप गुडघ्याला टेकतो, त्याला आवरण घाला.

मांडीवर काहीही गरम ठेवायचं नाही हा नियम सरळ घरात जाहीर करा: लॅपटॉप, चार्ज होणारा मोबाइल, गरम ताट, वाफ घ्यायचं भांडं. लॅपटॉप टेबलावर. ट्रे वापरायचाच तर पाय असलेला, मांडीला न टेकणारा. गरम पेय झाकणाच्या कपात, अर्धं भरलेलं, आणि ते हातात घेऊन खुर्ची चालवायची नाही. पायाला झटका आला की कप मांडीवर सांडतो. सांडलंच तर कपडा लगेच काढा, ओलं कापड उष्णता धरून ठेवतं. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, विजेची चादर, इन्फ्रारेडचा दिवा, यांपैकी काहीच बधिर भागावर नको. पाय गार पडलेत म्हणून कोणी शेक द्यायला निघालं तर थांबवा, मोजे आणि पांघरूण पुरे. बर्फाची पिशवीही तशीच नको. गाडीत सीट हीटर बंद, पायाकडच्या हीटरचा झोत दुसरीकडे. उन्हात उभ्या गाडीतलं सीट, पट्ट्याची धातूची क्लिप, उन्हात राहिलेली खुर्ची आणि जेल कुशन, बसण्याआधी हात लावून पाहा. दुचाकीच्या सायलेन्सरपासून पाय लांब. सिगारेट ओढत असेल तर राख मांडीवर पडून जळत राहते आणि कळतही नाही. शिवाय तंबाखू रक्तवाहिन्या आकसवतो, म्हणून बेडसोअरच्या दृष्टीनेही तो सोडवावाच.

भाजलंच तर लगेच २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट-तेल नको, फोड फोडायचा नाही. दागिने, कपडे काढून घ्या, चिकटलेलं कापड ओढू नका. बाकीचं अंग मात्र पांघरुणाने उबदार ठेवा, कारण इजेनंतर शरीराला स्वतःचं तापमान राखणं जड जातं. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने झाकून डॉक्टरकडे. एरवी माणूस दुखण्यावरून जखम किती खोल ते सांगतो, इथे तो पुरावाच नाही. म्हणून लहान दिसणारं भाजणंही दाखवायचं आणि भरेपर्यंत त्यावर भार येऊ द्यायचा नाही.

डी-६ किंवा त्यावरची इजा असलेल्यांसाठी एक सूचना, तुमच्या भावाला सहसा लागू नाही. अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, इजेच्या वर घाम आणि रक्तदाब एकदम वाढणं ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची लक्षणं आहेत. खाली कुठेतरी भाजलंय, जखम आहे, नळी तुंबलीय किंवा शौच अडकलंय, असं शरीर ओरडून सांगतंय. लगेच ताठ बसवा, पाय खाली, कपडे-पट्टे सैल करा, आधी कॅथेटर मग बाकी सगळं तपासा. लगेच उतरलं नाही तर तातडीने रुग्णालय. तुमच्या भावाला मात्र पायांचे झटके अचानक वाढले तर तीही अशीच खूण समजा आणि सगळी कातडी तपासा.

कातडीची तपासणी दिवसातून दोनदा: सकाळी उठण्याआधी आणि रात्री खुर्चीतून आल्यावर लगेच. ही भावाने स्वतः करावी. लांब दांड्याचा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा, माकडहाड, दोन्ही बसायची हाडं, खुबे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे, टाचा, बोटांच्या फटी. रोज एकाच उजेडात फोटो काढले तर डाग वाढतोय की कमी होतोय यावर वाद उरत नाही. तुम्ही किंवा आई रोज पाहत राहिलात तर तो लाजेने टाळेल आणि तुम्ही नसलात की तपासणी बंद पडेल. जिथे आरसा पोहोचत नाही तिथेच मदत करा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात: जखम असेल तर दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. वजन एकदम घटलं तर हाडांवरची गादी कमी होते, कुशनची हवा पुन्हा बसवावी लागते.

डाग पूर्ण गेल्यावर पहिल्या दिवशी फक्त १५ मिनिटं बसवा, मग झोपवून पाहा. लाली अर्ध्या तासात गेली तर पुढच्या वेळी आणखी १५ मिनिटं. नाही गेली तर आधीच्या वेळेवर परत. काम सुरू करण्याची घाई त्याला असणार, ती समजते, पण भरलेली कातडी आधीइतकी मजबूत होत नाही आणि त्याच जागी दुसरा डाग पहिल्यापेक्षा लवकर येतो.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एवढं मोजून कळवा: दोन्ही हाडांखाली कुशनमध्ये किती बोटं जागा राहते, कमोडवर रोज किती मिनिटं जातात, आणि भार काढल्यावर डाग किती वेळाने जातो. सपाट झोपूनही दोन-तीन दिवसांत तो कमी झाला नाही, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता प्रत्यक्ष दाखवा.